खोटे बोलणाऱ्याइतकाच ऐकणाराही पाहावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्रजी अभिजात साहित्यातील कपटी आणि सदोष व्यक्तिरेखांविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. अशा विषयाला वृत्तपत्रात जागा मिळते याचा आनंद आहेच, आणि लेखकाचे वाचन दांडगे आहे हेही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु लेखाची पद्धत मला खटकली, आणि इंग्रजी साहित्य शिकवण्यातच उभी हयात गेली असल्यामुळे गप्प बसवेना, म्हणून हे पत्र. लेखात व्यक्तिरेखांची दोन खात्यांत वाटणी केली आहे. एका खात्यात मुळातच दुष्ट असलेले, दुसऱ्यात स्वभावदोषामुळे घसरलेले. आणि मग प्रत्येकाच्या नावापुढे आजच्या मानसशास्त्रातले एखादे निदान लिहून दिले आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकातला इयागो मनोविकृत, थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधली बेकी शार्प आत्मकेंद्री, डिकन्सचा उरिया हीप न्यूनगंडाने पछाडलेला. रुग्णाच्या खाटेला अडकवलेला तक्ता वाचावा तसे हे वाचून होते, आणि रुग्णाला मात्र कोणी हात लावलेला नसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, कपट हा पात्राच्या अंगचा गुणधर्म समजून चाललो की त्यातले बहुतेक सगळे हातातून निसटते. खोटे बोलायला एक माणूस पुरतो, पण फसवणूक घडायला दोघे लागतात. आणि चांगल्या लेखकाने आपली खरी कारागिरी बहुधा त्या दुसऱ्याच्या, म्हणजे ऐकणाऱ्याच्या, बाजूला ओतलेली असते. ऐकणाऱ्याला काय ऐकायचे होते, त्याला आधीपासून कशाची भीती किंवा भूक होती, आणि बोलणाऱ्याने त्यातले नेमके काय उचलले, हे पाहिल्याशिवाय कपटी पात्राचे विश्लेषण झाले असे मला म्हणवत नाही.

इयागोपासूनच सुरुवात करतो, कारण लेखाचा सर्वाधिक भाग त्यानेच व्यापला आहे. कवी-समीक्षक कोलरिजने त्याच्याबद्दल वापरलेला ‘हेतुशून्य दुष्टावा’ हा शब्दप्रयोग लेखात आला आहे, पण अर्धाच. कोलरिजने लिहिले होते ते हेतुशून्य दुष्टाव्याने चालवलेल्या हेतूंच्या शोधाबद्दल, आणि परीक्षेच्या मार्गदर्शकांनी यातला शोध गाळून फक्त दुष्टावा ठेवला. गाळलेला भागच महत्त्वाचा आहे. इयागो प्रेक्षकांसमोर एकटा उभा राहून कारणे शोधत असतो. आपला सेनापती ऑथेल्लो याने आपल्याला डावलून कॅसिओला बढती दिली, हे एक. ऑथेल्लोचा आपल्या बायकोशी संबंध असल्याची कुजबूज आहे, हे दुसरे. ती खरी की खोटी ठाऊक नाही, पण खरी धरूनच चालतो, असे तो स्वतःच म्हणतो. पुढे कॅसिओबद्दलही तोच संशय. एकही कारण फार वेळ टिकत नाही, आणि कारण सापडल्याचे समाधान मात्र दर वेळी दिसते. म्हणजे त्याचा पहिला श्रोता तो स्वतः आहे आणि दुसरे आपण, प्रेक्षागृहात बसलेले. आपण निमूटपणे ऐकून घेतो, इतकेच नव्हे तर त्याच्या हुशारीला मनातल्या मनात दादही देतो, ही गोष्ट निदानाच्या तक्त्यात कोठे नोंदवायची?

आता तिसऱ्या अंकातील तिसरा प्रवेश पाहावा. ऑथेल्लोच्या मनात विष कालवले जाते ते या प्रवेशात, आणि नवल असे की, या प्रवेशाच्या पहिल्या भागात इयागो जवळजवळ काहीच सांगत नाही. कॅसिओ ऑथेल्लोच्या पत्नीजवळून, डेस्डिमोनाजवळून, निघून जाताना दिसतो तेव्हा तो पुटपुटतो की, हे काही मला आवडले नाही. काय म्हणालास, असे विचारल्यावर काही नाही म्हणतो. थोड्या वेळाने तो एक साधा प्रश्न विचारतो : तुमची मागणी चालू होती तेव्हा कॅसिओला तुमच्या प्रेमाची कल्पना होती का? होती, तोच तर आमच्यात निरोप नेत-आणत असे, असे ऑथेल्लो सांगतो. यावर इयागो उद्गारतो, “असं?” पुढच्या ओळींत ऑथेल्लो विचारतो, तो प्रामाणिक नाही का? इयागो म्हणतो, प्रामाणिक, सरकार? तुला काय वाटते, हा पुन्हा ऑथेल्लो. वाटते, सरकार, हा पुन्हा इयागो. अखेर ऑथेल्लो चिडून म्हणतो की, हा माझेच शब्द मला परत करतो आहे, जणू याच्या मनात एखादा राक्षस दडला आहे आणि तो दाखवण्याजोगा नाही. हे प्रतिध्वनीचे तंत्र वर्गात मोठ्याने वाचून घेतले की आपोआप कळते, कारण इयागोची भूमिका वाचणाऱ्या विद्यार्थ्याला फार काही वाचावेच लागत नाही. राक्षस ऑथेल्लो स्वतःच घडवतो. इयागोने त्यासाठी फक्त मोकळी जागा ठेवलेली असते.

आणि त्या राक्षसाची मातीही इयागोच्या घरची नाही. पहिल्या अंकात, व्हेनिसच्या सभागृहात, डेस्डिमोनाचा बाप ब्राबँशिओ जाता जाता ऑथेल्लोला बजावतो की, हिच्यावर नजर ठेव, हिने बापाला फसवले, उद्या तुलाही फसवेल. ऑथेल्लो उत्तर देतो की, हिच्या निष्ठेवर मी माझा जीव पणाला लावीन. आणि त्याच दमात पुढे म्हणतो की, प्रामाणिक इयागो, माझी डेस्डिमोना मला तुझ्या स्वाधीन करून जावे लागत आहे. इयागो तेथेच उभा आहे. दोन अंकांनंतर सायप्रस बेटावर तो हेच वाक्य ऑथेल्लोला परत करतो : तुमच्याशी लग्न करताना तिने बापाला फसवलेच ना? सासऱ्याने दिलेला शाप जावयाच्या कानात नुसता पुन्हा वाजवायचा होता. आपण परके आहोत, वयाने उतरणीला लागलो आहोत, दरबारी मिठ्ठास बोलणे आपल्याला येत नाही, हे सल ऑथेल्लोच्या मनात होतेच. याच प्रवेशात इयागो कीर्तीविषयी मोठे सुभाषित ऐकवतो की, पैशाची थैली चोरणारा कचरा चोरतो, पण माझे नाव चोरणारा मला खरोखर कंगाल करतो. वाचकांनी एक अंक मागे जावे. नोकरी गमावलेला कॅसिओ ‘माझी कीर्ती गेली’ म्हणून रडत असतो, तेव्हा हाच इयागो त्याला सांगतो की, कीर्ती ही फुकाची, खोटी, उपरी गोष्ट आहे, लायकी नसता मिळते आणि दोष नसता जाते. दोन्ही विधाने त्या त्या श्रोत्याच्या मापाने शिवलेली आहेत. इयागोला कीर्तीविषयी काय वाटते, हा प्रश्नच तेथे फिजूल ठरतो.

येथे माझीही एक चूक सांगतो, कारण ज्या पद्धतीवर मी टीका करतो आहे ती पद्धत मीही अनेक वर्षे चालवली. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही जेन ऑस्टिनची १८१३ सालची कादंबरी शिकवताना मी त्यातल्या विकम या तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या नावाखाली फळ्यावर विशेषणे लिहीत असे : देखणा, गोडबोल्या, उधळ्या, कृतघ्न, खोटारडा. विद्यार्थी ती उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि गुण मिळवत. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, तुम्ही पहिल्यांदा वाचलंत तेव्हा तो खोटारडा आहे हे तुम्हाला कधी कळलं?” मी खरे ते सांगितले. विकमचे खरे रूप उघड करणारे नायक डार्सीचे पत्र येईपर्यंत, म्हणजे पस्तिसाव्या प्रकरणापर्यंत, मला त्याची दया येत होती. त्यावर ती म्हणाली, “मग फळ्यावर आधीच का लिहिता?” माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी ती यादी बंद केली आणि सोळावे प्रकरण दोन तास शिकवू लागलो.

सोळाव्या प्रकरणात विकम नायिका एलिझाबेथला, डार्सीने आपल्यावर अन्याय केल्याची, कर्मकहाणी सांगतो. पण सुरुवात तो कशी करतो? डार्सी येथे किती दिवसांपासून आहेत, आणि आपली त्यांची बरीच ओळख आहे का, असे चाचपत विचारतो. एलिझाबेथ फटकन म्हणते की, जेवढी आहे तेवढी पुरे, मला तो माणूस अत्यंत अप्रिय वाटतो. झाले. दार उघडले. नाचाच्या पहिल्याच मेळाव्यात डार्सीने तिला उद्देशून ‘बरी आहे, पण मला भुरळ पडावी इतकी देखणी नाही’ असे म्हटले होते आणि ते तिने ऐकले होते. तो काटा तेव्हापासून सलत होता. ज्याला आपण नावे ठेवतो त्याच्याविषयी आणखी एक वाईट गोष्ट कळावी, यासारखा गोड अनुभव नाही. विकम मग आधी म्हणतो की, मत देण्याचा मला अधिकार नाही, आणि लगेच सगळे मत देऊन टाकतो. डार्सीच्या वडिलांच्या आठवणीसाठी मी मुलाची बदनामी करणार नाही असेही म्हणतो, आणि बदनामी तर चालूच असते.

छत्तिसाव्या प्रकरणात, पत्र हाती पडल्यावर, एलिझाबेथ हीच संध्याकाळ पुन्हा आठवते, आणि ऑस्टिनचे कौशल्य असे की, तिला सापडणारा बहुतेक पुरावा आपल्याही डोळ्यांसमोरून गेलेला असतो. अनोळखी मुलीला पहिल्याच निवांत भेटीत असल्या खासगी गोष्टी सांगणे हे शिष्टाचाराला सोडून होते. मी डार्सीला टाळणार नाही, टाळायचे तर त्यानेच टाळावे, असे म्हणणारा हा गृहस्थ पुढच्याच आठवड्यात नेदरफिल्डच्या नाचाला गैरहजर राहिला. डार्सी आणि मंडळी गाव सोडून जाईपर्यंत ही कहाणी त्याने तिच्याशिवाय कोणाला सांगितली नाही, आणि ती गेल्यावर गावभर केली. त्याच्या चांगुलपणाचे एखादे उदाहरण आठवावे म्हणून ती मनाला ताण देते, तर एकही सापडत नाही. चेहरा, आवाज आणि वागण्याची ढब एवढ्यावरच सगळे सद्गुण बहाल केलेले होते. चर्चच्या पदाऐवजी त्याने तीन हजार पौंड घेतले होते, आणि डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला, जॉर्जियानाला, रॅम्सगेटहून पळवण्याचा बेत केला होता, ही माहिती नवी खरी. पण बाकी सर्व जुनेच होते. ‘या क्षणापर्यंत मी स्वतःलाच ओळखले नव्हते’ हे तिचे उद्गार सर्वांना ठाऊक आहेत. त्यात विकमचे नावसुद्धा नाही, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

ऑस्टिनने पुढे ‘एमा’मध्ये हाच खेळ अधिक बारीक केला. फ्रँक चर्चिल केवळ केस कापायला सोळा मैलांवरच्या लंडनला जाऊन येतो आणि सगळे त्याच्या छानछोकीला हसतात. लगोलग जेन फेअरफॅक्सच्या दारात एक पियानो येऊन पडतो, आणि तो कोणी पाठवला याचा गावभर खल चालतो. तो फ्रँकनेच गुपचूप पाठवलेला असतो, पण दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनही त्या जोडण्याचे पहिल्या वाचनात क्वचितच कोणाला सुचते. आपण एमाच्या डोळ्यांनी पाहत असतो आणि एमाने स्वतःची एक वेगळीच गोष्ट आधी रचून ठेवलेली असते.

ही तऱ्हा कादंबरीने शोधून काढलेली नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये पापांची क्षमापत्रे विकणारा जो इसम उभा केला आहे, तो या सर्वांचा पूर्वज शोभतो. त्याच्याकडे काचेच्या कुपीत डुकराची हाडे आहेत आणि ती तो संतांच्या अस्थी म्हणून दाखवतो. उशीचा अभ्रा तो मेरीमातेची ओढणी म्हणून खपवतो. हा माणूस आपल्या सहयात्रेकरूंना आपली सगळी युक्ती आधीच उघड करून सांगतो. मी लोभाविरुद्ध प्रवचन देतो ते लोभानेच, असे तो बिनदिक्कत म्हणतो. त्याची सर्वांत चलाख युक्ती तर ऐकण्यासारखी आहे. ज्याने सांगता येणार नाही इतके भयंकर पाप केले असेल त्याने पुढे येऊन दान करू नये, त्याला ती शक्तीच नसते, असे तो भर चर्चमध्ये जाहीर करतो. मग मागे कोण राहील? शेजाऱ्यांच्या नजरेच्या भीतीने सारे पैसे घेऊन पुढे येतात, आणि हाडांवर कोणाची श्रद्धा आहे की नाही हा मुद्दाच उरत नाही. आणि हे सगळे सांगून झाल्यावर, गोष्ट संपवून, तो त्याच यात्रेकरूंना तीच हाडे विकायला काढतो! तो हे का करतो यावर विद्वानांचे वाद आहेत. मला वाटते, गोष्ट खरोखरच इतकी परिणामकारक झालेली असते की आता या मंडळींना काहीही खपेल, अशी त्याची खात्री पटते. एका परीने तोही स्वतःच्याच प्रवचनाला बळी पडतो. सराईचा यजमान त्याला शिवराळ भाषेत झिडकारतो, हा इतका वेळ बोलणारा माणूस रागाने मुका होतो, आणि अखेर सरदाराला मध्ये पडून समेट करावा लागतो.

उरिया हीपबद्दल लेखकाने ‘न्यूनगंड’ एवढ्या एका शब्दात निकाल दिला आहे, तो तर मला अन्यायाचाच वाटला. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये (१८४९-५०) हीप वारंवार ‘मी फार लीन माणूस आहे’ असे म्हणत हात चोळतो आणि आपल्याला शिसारी येते. पण एकोणचाळिसाव्या प्रकरणात तो डेव्हिडला सांगतो की, माझा बाप आणि मी धर्मादाय शाळेत वाढलो, आईही तशाच संस्थेत. तेथे आम्हाला दुसरे काही फारसे शिकवले नाही, लीनता मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत शिकवली. याच्यापुढे टोपी काढ, त्याच्यापुढे वाक. लीन राहा, म्हणजे वर चढशील, असे बाप सांगत असे. तेव्हा या फसवणुकीतला श्रोता कोण? गरिबाने वाकूनच बोलावे अशी ज्यांची इच्छा होती ते सर्व. त्यांना जे हवे होते ते हीपने दिले आणि त्याची किंमत नंतर वसूल केली. त्याची अफरातफर, आपला मालक विकफिल्ड याचे घर पोखरणे, हे सारे नीचच आहे आणि त्याचे समर्थन मला करायचे नाही. तथापि हीपची गोष्ट सांगणारा डेव्हिड आहे, आणि डेव्हिडला हीपचा हात पहिल्याच भेटीत ओलसर आणि थंड लागतो. तो स्पर्श पुसून टाकण्यासाठी तो आपला हात चोळतो, तेव्हा हीपने अजून काहीही केलेले नसते. कादंबरीच्या शेवटाकडे हीप तुरुंगात भेटतो, आणि तेथेही तो आदर्श कैदी म्हणून पाहुण्यांना दाखवला जात असतो. दाखवणारा दंडाधिकारी म्हणजे डेव्हिडच्या शाळेतला तोच क्रूर हेडमास्तर. हीप मालक बदलत गेला, पण मालकांना ऐकायचे असलेले वाक्य तेच राहिले, हा डिकन्सचा टोला लेखात यायला हवा होता.

बोलणारा आणि ऐकणारा एकाच कातडीत असतील तर काय होते, हे मला अधिक मोलाचे वाटते, आणि नेमका हाच भाग लेखात दोन ओळींत आटोपला आहे. डिकन्सच्याच ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला पिप गावी परततो तेव्हा आपल्याला वाढवणाऱ्या मेव्हण्याच्या, जो गार्जरीच्याच, घरी उतरले पाहिजे, हे त्याला कळत असते. मग सबबी येऊ लागतात : जोची गैरसोय होईल, माझी अपेक्षा नसेल, बिछाना तयार नसेल, जिला भेटायचे त्या मिस हॅविशमचे घर तेथून लांब पडेल. आणि तो ब्लू बोअर या खाणावळीत उतरतो. या जागी मोठा झालेला पिप म्हणतो की, दुसऱ्याने पाडलेले खोटे नाणे मी नकळत घेतले तर समजण्यासारखे आहे, पण स्वतःच पाडलेले खोटे नाणे जाणूनबुजून खरे म्हणून मोजून घ्यावे, याला काय म्हणावे? लंगड्या सबबींची ही यादी वाचताना हसू येते, आणि पुढच्या पानावर आपल्याही काही सबबी आठवू लागतात.

जॉर्ज एलियट या लेखिकेचा बुलस्ट्रोड हा याहून भारी आहे. ‘मिडलमार्च’मधल्या (१८७१-७२) या धर्मशील बँकवाल्याची संपत्ती चोरीचा माल न विचारता गहाण घेणाऱ्या धंद्यातून आणि एका वारस मुलीचा ठावठिकाणा दडवण्यातून आलेली असते. त्याला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि लेखकाने तेच केले आहे. एलियट मात्र आपल्याला येथे अडवते. जगाला गंडवण्यासाठी श्रद्धेचे सोंग आणणारे ढोबळ ढोंगी असतातही, पण हा त्यांतला नव्हता, असे ती स्पष्ट लिहिते. याच्या इच्छा याच्या तत्त्वांहून बलवान होत्या, आणि इच्छा पुरवत असताना त्या तत्त्वांशी कशा जुळतात याचे स्पष्टीकरण त्याने हळूहळू स्वतःलाच देत आणले होते. सत्तराव्या प्रकरणात, त्याचे गुपित जाणणारा रॅफल्स आजारी पडलेला असतो. दारू देऊ नये, आणि अफूची मात्रा अमुक वेळी थांबवावी, असे डॉक्टर लिडगेटने बजावलेले असते. बुलस्ट्रोड थकल्यामुळे अफूचे काम घरकाम पाहणाऱ्या बाईकडे सोपवतो आणि मात्रा केव्हा थांबवायची ते सांगायचे राहते. खाली शेकोटीपाशी बसला असताना त्याला आठवते. मेणबत्ती घेऊन तो जिना चढतो आणि थबकतो. परत जाऊन सांगावे का, याचा विचार करतो, आणि जात नाही. नंतर ती बाई दारावर येऊन रुग्णाला ब्रँडी द्यावी का विचारते, तेव्हा थोड्या शांततेनंतर तो दारूच्या कपाटाची किल्ली देतो. पहाटे सहाच्या सुमारास उठून तो काही वेळ प्रार्थनाही करतो. एकांतातली प्रार्थना खरीच असते असे कोणी समजावे का, असा प्रश्न एलियट मध्येच टाकते, कारण प्रार्थना हे शेवटी बोलणेच, आणि आपण आहोत तसे स्वतःपुढे तरी कोण मांडतो? याला कोणते निदान लावायचे? येथे एक जिना आहे, एक किल्ली आहे आणि एक माणूस आहे जो स्वतःशीच फार सौजन्याने बोलतो.

याच कादंबरीच्या चौऱ्याहत्तराव्या प्रकरणात त्याची बायको सगळे ऐकून घरी येते, खोली बंद करून घेते, अंगावरचे दागिने उतरवते, साधा काळा पोशाख घालते, नटवी टोपी काढून केस चापून बसवते आणि साधी टोपी चढवते. मग खाली येऊन, मान खाली घालून बसलेल्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणते, “वर बघ, निकोलस.” यातले किती खरे, असे ती विचारत नाही, मी निर्दोष आहे, असे तो म्हणत नाही. साऱ्या कादंबरीत बुलस्ट्रोडसमोर खोटे ऐकायला तयार नसलेला माणूस बहुधा हा पहिलाच, आणि त्याच्यापुढे त्याला बोलावेच लागत नाही.

बेकी शार्पविषयी थोडेच लिहितो, कारण तिच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर मीही चांगली बाई होऊ शकेन, हे तिचे वाक्य लेखात आले आहे, पण थॅकरेने लगेच दिलेली पुस्ती गाळली आहे : कोणास ठाऊक, तिचे बरोबरही असेल. मेजवानी झोडून आलेला नगरपिता गाडीतून उतरून मटणाची तंगडी चोरणार नाही, पण त्याला उपाशी ठेवून पाहा. बेकी आणि तिचा नवरा ज्याच्या घरात भाडे न देता राहतात तो रॅगल्स हा नवऱ्याच्या क्रॉली घराण्याचा जुना नोकर. आपल्या धन्याच्या कुळातली माणसे आपल्या घरात राहतात या अभिमानाने तो आंधळा होतो आणि धुळीला मिळतो. आणि त्रेपन्नाव्या प्रकरणात नवरा तिला लॉर्ड स्टाइनबरोबर पकडतो तेव्हा ती खरोखर दोषी होती की नव्हती, हे निवेदक सांगतच नाही. ती नाही म्हणाली, एवढेच सांगतो. वाचकाला येथे पंच करून बसवले आहे, आणि बहुतेक वाचक पुरावा न मागता निकाल देतात. कादंबरीच्या शेवटाकडे मृत नवऱ्याला देव मानून पंधरा वर्षे झुरणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, अमेलियाला, त्या नवऱ्याची खरी लायकी पुराव्यानिशी कोण दाखवते? बेकीच. वॉटर्लूच्या आधीच्या नाचात त्यानेच तिच्या हातात दिलेली चिठ्ठी ती जपून ठेवलेली काढून दाखवते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ऐकणाऱ्याकडे बोट दाखवणे म्हणजे फसलेल्यालाच दोष देणे नव्हे का? मला तसे म्हणायचे नाही. मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात सैतान कोवळ्या देवदूताचे रूप घेऊन येतो आणि स्वर्गातील सर्वांत तीक्ष्ण नजरेचा देवदूत युरिएल त्याला रस्ता दाखवतो, दांभिकपणा हे एकच पाप असे आहे की जे देवाखेरीज कोणाला दिसत नाही, असे म्हणून मिल्टन त्याला सोडून देतो. युरिएलच्या मनात लोभ नव्हता, भीती नव्हती. चांगुलपणाला जेथे वाईट दिसत नाही तेथे संशय येत नाही, एवढेच. ऐकणाऱ्याचा वाटा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, कधी तो अपराध असतो, कधी निव्वळ सज्जनपणा, आणि तो किती व कसला हे ठरवणे हेच तर वाचकाचे काम. दोन खात्यांची वही उघडली की ते काम टळते.

म्हणूनच जाता जाता एका खोट्याचा उल्लेख करतो, जे लेखात कोठेही नाही आणि त्या दोन खात्यांपैकी कोणत्याही खात्यात बसवता येणार नाही. ‘ऑथेल्लो’च्या पाचव्या अंकात डेस्डिमोना मरता मरता क्षणभर शुद्धीवर येते. हे कोणी केले, असे इयागोची बायको एमिलिया विचारते. डेस्डिमोना म्हणते, “कोणी नाही, मीच.” एमिलिया हे ऐकते आणि ती असे म्हणाली खरी, एवढेच सांगते. आणि ज्याने हे कृत्य केले आहे तो ऑथेल्लो पलंगाशी उभा राहून म्हणतो की, ती खोटे बोलत नरकात गेली, तिला मी मारले.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी अध्यापक